आंबट बंद, गोळी सुरू

माईंच्या पोटऱ्यांवरचे जांभळे ठिपके माझ्या नजरेस पडले ते गौरी जेवणाच्या दिवशी. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात मागच्या खोलीत त्या एकट्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. पाटावर बसवत नाही म्हणून त्यांना खुर्ची दिली होती आणि लुगड्याचा काठ जरा वर सरकला होता. ठिपके मोहरीएवढे, आणि नीट पाहिलं तर प्रत्येक ठिपका एकेका केसाच्या मुळाशी. "ढेकूण चावले असतील," त्या म्हणाल्या. पुरणपोळी दुधात कुस्करून खात होत्या, त्या दुधाला लालसर झाक आली. हिरड्यांतून रक्त येत होतं. माझ्या बायकोने पेरूची कोशिंबीर वाढायला घेतली तर त्यांनी ताटावर आडवा हात धरला. "नको गं, मला आंबट बंद आहे. गुडघे धरलेत ना."

मी छत्तीस वर्षं रावपुऱ्यात औषधांच्या दुकानात उभा राहिलो आहे. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या किती विकल्या त्याची गणती नाही. तरी समोर बसलेल्या बाईला त्याच जीवनसत्त्वाचा दुष्काळ पडला आहे हे मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हिरड्या पाहिल्या, पाय पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "माजी, रोज जेवता काय?" सकाळी चहा-खारी, दुपारी मऊ खिचडी, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री दूध-पोळी. भाजी केलीच तर दुधीची, गाळ होईपर्यंत शिजवलेली. लिंबू, टोमॅटो, ताक, कैरी, आवळा, संत्रं, सगळं चार वर्षांपासून वर्ज्य. कुणीतरी सांगितलं होतं की आंबटाने सांधे धरतात. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, स्कर्व्ही.

स्कर्व्ही म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातले खलाशी आठवतात. महिनोन्‌महिने समुद्रावर, खारवलेलं मांस आणि वाळकी बिस्किटं. दांडिया बाजारात, खंडेराव मार्केटपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, जिथे पहाटे हिरव्यागार भाजीचे ढीग उतरतात तिथे, हा रोग असू शकतो हे मनाला पटत नाही. पण शरीराला बाजार किती जवळ आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. माणसाच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. गाईच्या होतं, कुत्र्या-मांजरांच्या होतं, उंदराच्याही होतं. त्यासाठी लागणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करण्याची क्षमता आपल्या पूर्वजांमधून फार प्राचीन काळी गेली. त्यामुळे ते रोज ताटातून यावं लागतं. ते आलं नाही, तर दोन-तीन महिन्यांत शरीरातला साठा संपतो आणि कोलॅजनची वीण उसवायला लागते. कोलॅजन म्हणजे हिरड्या, रक्तवाहिन्या, कातडी, सांधे यांना धरून ठेवणारा धागा. तो कच्चा पडला की हिरड्या सुजतात, बारीक रक्तवाहिन्या फुटतात, जुनी जखम भरत नाही आणि सांधे ठणकतात. माई ज्या दुखण्यासाठी आंबट टाळत होत्या, त्यातलं निदान काही दुखणं आंबट टाळल्यामुळेच होतं.

डॉक्टरांनी ५०० मिलिग्रॅमची चघळायची गोळी दिली. आठवड्याभरात हिरड्यांचं रक्त थांबलं. तीन आठवड्यांनी माई काठी न घेता ओट्यापर्यंत आल्या. पंधरा गोळ्यांची स्ट्रिप पंचवीस-तीस रुपयांना मिळते. इतक्या स्वस्तात इतकं मोठं काम करणारी औषधं मी फार पाहिलेली नाहीत, म्हणून या गोळीविषयी मला आदर आहे. पुढे जे लिहितो आहे ते गोळीच्या विरुद्ध नाही. ती कुणाच्या हातात पडते आणि कुणाच्या पडत नाही, याविषयी आहे.

२०२० च्या मार्चअखेरीस आमच्या काउंटरवर मास्कच्या आधी या गोळ्या संपल्या. माणसं दहा-दहा स्ट्रिपा मागत होती. होलसेलर फोन उचलत नव्हता. पुढच्या वर्षी पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या १००० मिलिग्रॅमच्या गोळ्यांच्या नळ्या आल्या, मग गमी आले, मग चेहरा उजळ करणाऱ्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बाटल्या आल्या. औषध कंपनीचा एमआर नवी स्कीम घेऊन यायचा, दहावर दोन फुकट. घेणारे कोण? अलकापुरीतून, गोत्रीतून गाडी करून येणारे, ज्यांच्या फ्रिजमध्ये आधीच किवी असायची. फळ रोज खाणाऱ्या माणसाला गोळी कशाला लागावी? मी सहसा विचारत नसे. काउंटरच्या या बाजूला उभं राहून गिऱ्हाइकाला परत पाठवणं सोपं नसतं. पण माईंच्या दुखण्यानंतर मी ठरवलं की जे मला ठाऊक आहे ते निदान लिहावं तरी.

गोळीची गरज किती, हे नीट मोजलं गेलेलं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये भारतीयांसाठी ठरवलेलं प्रमाण प्रौढ पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम असं आहे. आठ वर्षांच्या मुलाला ४५ पुरतात. नुसती स्कर्व्ही टाळायची तर रोज १० मिलिग्रॅमही चालतात. वरची मर्यादाही शरीर स्वतःच घालून देतं. १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत सात निरोगी तरुणांना टप्प्याटप्प्याने डोस वाढवत नेले, तेव्हा रोज १०० मिलिग्रॅमलाच पेशी भरून गेल्या. २०० च्या पुढे रक्तातलं प्रमाण फारसं चढलं नाही, आणि ५०० च्या वर शोषण घटून शोषलेल्यातलाही बराच भाग लघवीवाटे निघून गेला. म्हणजे हजाराच्या गोळीचे पैसे आपण मोजतो आणि तिच्यातलं बरंचसं मोरीत जातं.

सर्दीचं काय? हा प्रश्न मला हजारदा विचारला गेला आहे. या समजुतीला बळ दिलं ते लायनस पॉलिंग यांनी. १९५४ चं रसायनशास्त्राचं आणि १९६२ चं शांततेचं नोबेल मिळवलेला हा माणूस १९७० मध्ये क जीवनसत्त्वाचे मोठाले डोस सर्दी रोखतात असं पुस्तक लिहून सांगू लागला, आणि एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द लोकांनी का मानू नये? पण त्यानंतर झालेल्या चाचण्या २०१३ मध्ये एकत्र करून पाहिल्या गेल्या, अकरा हजारांहून अधिक माणसांच्या. रोज गोळी घेणाऱ्यांना सर्दी इतरांइतकीच झाली. ती मोठ्यांमध्ये सुमारे ८ टक्के आणि मुलांमध्ये १४ टक्के कमी दिवस टिकली. सर्दी सुरू झाल्यावर गोळी घेतली तर ठळक असा काहीच फायदा दिसला नाही. खरा फायदा फक्त मॅरेथॉन धावणारे, बर्फातले स्कीपटू आणि कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक यांच्यात दिसला, त्यांच्यात सर्दी निम्म्यावर आली. वडोदरा मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या कुणी हे वाचलं तर जरूर विचार करावा. बाकीच्यांची सर्दी सात दिवसांऐवजी साडेसहा दिवस टिकेल, त्यासाठी वर्षभर रोज गोळी घ्यायची का हे ज्याचं त्याने ठरवावं. कोरोनातही तेच निघालं. अमेरिकेत २१४ रुग्णांवर रोज ८००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि सोबत जस्त देऊन चाचणी झाली. काही फरक पडत नाही असं दिसून ती मध्येच थांबवावी लागली. आपण ज्या गोळ्यांसाठी रांगा लावल्या त्यांची ही गत.

पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व आहे, जास्त झालं तरी अपाय काय, असं अनेक जण म्हणतात. अपाय आहे. आतड्यात न शोषलेलं क जीवनसत्त्व जुलाब लावतं. शोषलेल्यातलं काही शरीरात ऑक्सॅलेट होतं, आणि ऑक्सॅलेटचाच मुतखडा होतो. स्वीडनमध्ये सुमारे २३ हजार पुरुषांचा अकरा वर्षं मागोवा घेतला, त्यात नुसत्या क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मुतखड्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट निघालं. गुजरातेत मुतखडा म्हणजे घरोघरचं दुखणं. नडियादच्या रुग्णालयात त्यासाठी कुठून कुठून माणसं येतात ते आपण पाहतोच. ज्याला एकदा खडा होऊन गेला आहे, त्याने हजाराची नळी हातात घेऊ नये, हे मी कुठल्याही काउंटरवर ठासून सांगेन.

हे झालं ज्यांना गोळी लागत नाही त्यांचं. आता ज्यांना लागते त्यांच्याकडे वळतो, कारण माझ्या मनात खरं तेच आहे.

२०११ मध्ये भारतातल्या साठीपुढच्या साडेपाच हजारांहून अधिक माणसांच्या रक्तातलं क जीवनसत्त्व मोजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तरेकडे, हरियाणात, दर शंभरात ७४ जणांमध्ये कमतरता निघाली आणि दक्षिणेत, पुद्दुचेरीकडे, ४६ जणांमध्ये. तंबाखू खाणारे-ओढणारे आणि चुलीच्या धुरात राहणारे अधिक खालावलेले होते. गुजरात त्या अभ्यासात नव्हता, पण तंबाखूचा मावा चघळणारे आणि फळ न परवडणारे आपल्या गल्लीत किती आहेत ते आपल्याला बाहेरून येऊन कुणी सांगायला नको. अशा माणसांपैकी कुणीही माझ्या काउंटरवर फसफसणारी नळी मागायला आलेला नाही. सगळी जाहिरात, सगळी स्कीम, सगळी शेल्फं त्या लोकांसाठी आहेत ज्यांच्या पेशी आधीच भरलेल्या आहेत.

आणि मुलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, गुजरातेतल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ७९.७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांमध्ये ६५ टक्के. दोन्ही आकडे देशाच्या सरासरीपेक्षा वाईट आणि आधीच्या फेरीपेक्षाही वाढलेले. आपलं लोह बहुतांशी धान्य-डाळी-पालेभाज्यांतून येतं, आणि ते लोह शरीराला सहज उचलता येत नाही. धान्यातली फायटेट नावाची द्रव्यं ते अडवून धरतात, जेवणावरचा चहा आणखी अडवतो. क जीवनसत्त्व ही कोंडी फोडतं. ते त्याच जेवणात असलं तर लोहाचं शोषण वाढतं. पोह्यांवर लिंबू पिळायची आपल्या आज्यांची सवय चवीपुरती नव्हती, आणि त्या लिंबू ताटातच पिळत, कढईत घालून उकळत नसत, हेही बरोबरच होतं, कारण उष्णतेने ते नासतं.

यातली मोठी गोष्ट आपल्याच गावात घडलेली आहे आणि बडोदेकरांनाच ती माहीत नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अन्न आणि पोषण विभागात सुभद्रा शेषाद्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तक्षय असलेल्या लहान मुलांना रोज दोन जेवणांबरोबर १००-१०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिलं. साठ दिवस. लोहाची गोळी दिली नाही, जेवण तेच. मुलांचं हिमोग्लोबिन लक्षणीय वाढलं. हा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०१३ मध्ये हैदराबादच्या त्याच पोषण संस्थेने किशोरवयीन मुला-मुलींना भाताच्या जेवणाबरोबर पेरू देऊन पाहिलं, तर त्या जेवणातल्या लोहाचं शोषण दुपटीच्या वर गेलं.

इंग्रज आरमाराची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. जेम्स लिंड या डॉक्टराने १७४७ मध्ये बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून एका जोडीला संत्री-लिंबू दिलं, ती जोडी आठवड्याच्या आत उठून बसली. १७५३ मध्ये त्याने ते छापलं. आरमाराने लिंबाचा रस सर्रास द्यायचा हुकूम काढला १७९५ मध्ये. बेचाळीस वर्षं माणसं मरत राहिली, कारण कागदावरचं ज्ञान ताटात उतरवायची कुणाला घाई नव्हती. विद्यापीठातल्या त्या अभ्यासाला आता चाळीस वर्षं उलटली आहेत. तो ज्या शहरात झाला तिथल्या शाळांच्या जेवणात आजही फळाचा तुकडा नाही.

मी खोटी आशा दाखवणार नाही. मेक्सिकोत २००३ साली असाच प्रयोग झाला, लोहाची कमतरता असलेल्या बायकांना आठ महिने जेवणाबरोबर लिंबाचा रस दिला, दिवसात दोनदा, प्रत्येक वेळी २५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळेल इतका. लोहाचे साठे वाढले नाहीत. चीनमध्ये २०२० साली ४४० रुग्णांवर पाहिलं तर लोहाच्या गोळीला क जीवनसत्त्वाच्या गोळीची जोड देऊन काहीही जास्त मिळालं नाही, कारण गोळीतलं लोह आधीच भरपूर असतं. म्हणजे शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळीबरोबर आणखी एक नारिंगी गोळी देण्यात अर्थ नाही. आणि नुसत्या लिंबूपाण्याने रक्तक्षय हटेल असं म्हणण्यातही नाही. एका मध्यम लिंबाच्या रसात जेमतेम पंधरा मिलिग्रॅम निघतात. मात्रा मोठी लागते, आणि ती जेवणातच लागते.

म्हणून माझा सगळा भर जामफळावर. बडोद्यात आम्ही पेरूला जामफळच म्हणतो, मराठी घरातही. शंभर ग्रॅममध्ये दोनशेच्या वर मिलिग्रॅम, संत्र्याच्या चौपट-पाचपट. आवळ्याचा आकडा जुन्या तक्त्यात ६०० छापलेला असे, २०१७ च्या नव्या तक्त्यात तो २५२ आहे, तरी उत्तमच. पण आवळा मुलं तोंड वाकडं करून टाकून देतात आणि मोरावळ्यात तासभर पाकात शिजल्यावर त्यातलं किती उरत असेल ही शंकाच. जामफळाचं तसं नाही. चतकोर फोड, चाळीस ग्रॅमची, मुलाला ऐंशी मिलिग्रॅम देते. त्याची दिवसाची गरज भागून उरेल इतकं, आणि चिमूटभर मीठ लावलं की समजूत काढावी लागत नाही.

इथे कुणी विचारेल, कृत्रिम आणि नैसर्गिक यात फरक काय? रेणूत काहीच नाही. गोळीतलं क जीवनसत्त्व ग्लुकोजपासून सॉर्बिटॉल, मग जिवाणूंकडून त्याचं रूपांतर, अशा पायऱ्यांनी बनतं. ही वाट १९३३ मध्ये टाडेउश रायखश्टाइन या शास्त्रज्ञाने दाखवली. एकेकाळी आपल्या वाडीवाडी भागातल्या साराभाईंच्या कारखान्यातही ते बनत असे. आता जगातलं बहुतेक चीनमधून येतं. नैसर्गिक म्हणून जास्त पैसे घेणाऱ्या बाटल्यांपासून मात्र सावध राहा. डब्यावर मोठ्या अक्षरात आवळा अर्क १००० मिलिग्रॅम लिहिलं असलं म्हणजे आत क जीवनसत्त्व हजार नसतं. मागे बारीक अक्षरात प्रत्यक्ष आकडा असतो, तो वाचायचा. जामफळाची बाजू मी घेतो ती ते पवित्र आहे म्हणून नाही. ते जेवणाच्या ताटात येतं, त्याबरोबर चोथा आणि फोलेट येतं, आणि शेतकऱ्याच्या हातात पैसे जातात म्हणून.

आता पैशाचं बोलू. गुजरातने शाळेतलं मध्याह्न भोजन १९८४ मध्ये सुरू केलं, देशाच्या बऱ्याच आधी. आज प्राथमिकच्या मुलासाठी नियमाने १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे. ती भाजी मोठ्या पातेल्यात तासभर रटरटते. त्यात क जीवनसत्त्व किती उरत असेल ते वर सांगितलंच. शिधा शिजवण्याच्या सामानासाठी २०२५ च्या मेपासून मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे मिळतात. थंडीत खंडेराव मार्केटात जामफळ साठ-सत्तर रुपये किलो असतं. किलोत चोवीस-पंचवीस चतकोर फोडी होतात, म्हणजे एका मुलाला तीन रुपयांच्या आसपास. त्या पावणेसात रुपयांतून तीन रुपये काढा असं कुणालाही सांगता येणार नाही, त्याने डाळ पातळ होईल. त्यामुळे वेगळी तरतूद लागेल आणि ती राज्याने करायला हवी. कर्नाटक आपल्या शाळांत अंडं देतं, न खाणाऱ्या मुलाला केळं देतं. अंड्यावरून इथे वाद होतो. जामफळावरून कोण वाद घालणार? आठवड्यातून तीन दिवस, नोव्हेंबर ते फेब्रुवारी जामफळ आणि संत्रं, उन्हाळ्यात शाळा सुटेपर्यंत किसलेल्या कैरीचा टक्कू, पावसाळ्यात पुन्हा पावसाळी बहराचं जामफळ. वर्षभर लिंबाची अट घातली तर एप्रिलमध्ये योजना कोसळेल. २०२२ च्या एप्रिलात लिंबू किलोला दोनशेच्या वर गेलं होतं ते विसरता येत नाही.

ज्या बडोदा संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्या संस्थानाच्या राजधानीत ही मागणी फार मोठी आहे असं मला वाटत नाही.

म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळा विचार हवा. दात नसलेल्याला जामफळाची फोड देऊन उपयोग नाही. माईंसाठी आम्ही बिया काढून गर दह्यात घोटतो, थंडीत आवळा किसून त्यावर मीठ आणि साखर. ज्यांना तेही जमत नाही, जे डायालिसिसवर आहेत, जे आयुष्यभर तंबाखू ओढत आले आहेत, ज्यांच्या घरी विचारपूस करायला कुणी नाही, त्यांना गोळी द्यावी, शंभराची पुरते. आशा बहेन घरोघरी जातात. त्याच वेळी "हिरड्यांतून रक्त येतं का, शेवटचं फळ कधी खाल्लं" हे दोन प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागेल. आणि आपल्यापैकी जे जे पथ्य सांगतात, वैद्य असोत, डॉक्टर असोत की शेजारच्या काकू असोत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. "आंबट बंद" असं मोघम सांगू नका. चिंच बंद असेल तर चिंच म्हणा. किती दिवस ते सांगा. आणि त्याऐवजी काय खायचं तेही त्याच दमात सांगा. मोघम पथ्य म्हातारी माणसं देवाच्या वचनासारखं पाळतात. माईंनी चार वर्षं पाळलं.

गुजरातेत तिथिभोजनाची एक चांगली रीत आहे. वाढदिवसाला, वडिलांच्या तिथीला, कुणीही शाळेतल्या मुलांना जेवण घालू शकतो. बहुतेक जण जिलेबी किंवा गुलाबजाम देतात. गेल्या पौषात वडिलांच्या तिथीला मी जवळच्या नगर प्राथमिक शाळेत गेलो आणि एकशे बारा मुलांसाठी दहा किलो जामफळं घेऊन गेलो, अर्धं-अर्धं पुरेल इतकी. मुख्याध्यापिका बहेन आधी जरा गोंधळल्या, मिठाई नाही का म्हणाल्या. स्वयंपाकाच्या बहेनने दोन घमेल्यांत फळं धुतली, पण चिरायला शाळेत एकच सुरी होती, तीही बोथट. मी घरून दुसरी आणेपर्यंत दाळ-भात वाढून झाला होता. मुलांना मी सांगितलं, भात संपवायच्या आत खायचं, नंतर नाही. पहिलीतल्या एका मुलीने फोड भातात बुडवून खाल्ली आणि आणखी मागितली. बियांमुळे दात हलतो म्हणून एकाने फक्त वरचा गर खरवडून खाल्ला. पंधरा मिनिटांत घमेली रिकामी झाली.

निघताना बहेन रोजच्या जेवणाची नोंदवही भरत होत्या. धान्याचा रकाना, डाळीचा, भाजीचा, तेलाचा. फळाचा रकाना नव्हता. त्यांनी कडेच्या मोकळ्या जागेत पेन्सिलीने लिहिलं, जामफळ, आणि मला विचारलं, "पुढच्या आठवड्यात पण आणाल ना?"